बांधावर सही कोणाची?

कोरडवाहू शेतकऱ्याने पूर नियंत्रणाची चर्चा करायची, हे ऐकून काहींना हसू येईल. आभाळाकडे पाहता पाहता ज्याची मान मोडली, त्याला पुराचे काय घेणे-देणे? पण २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. सीना नदीने धाराशिव-सोलापूरच्या काठाला दाखवलेले रूप म्हाताऱ्या माणसांनीही पाहिलेले नव्हते. पीक गेले ते गेलेच. पीक पुढच्या साली पुन्हा घेता येते. वावराची माती वाहून खाली मुरूम उघडा पडला तर नातवाच्या काळातही ती भरून येत नाही.

मग सुरू होतो पंचनाम्याचा खेळ. केंद्राचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे निकष काढून पाहा. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, आणि तेही दोन हेक्टरपर्यंत. कपाशीच्या एका हेक्टरला बियाणे, खत, फवारणी आणि निंदणीच्या मजुरीपायी काय लागते, ते या सभेत बसलेल्या कोणालाही विचारा. राज्य सरकार त्यात आपली भर घालते, तीही मेहेरबानी म्हणून. केंद्र म्हणते, राज्याकडून प्रस्ताव येऊ द्या. राज्य म्हणते, केंद्राचे पथक येऊन जाऊ द्या. या सगळ्या कागदपत्रांत एक शब्द नीट पाहा. तिथे लिहिलेले असते ‘मदत’. ‘भरपाई’ हा शब्द सहसा सापडत नाही. मदत देणारा उपकार करतो, भरपाई देणारा देणे फेडतो. पुराचे देणे सरकारला लागते का, आणि लागत असेल तर दोन सरकारांपैकी कोणाला, हा या अंकाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न शेवटपर्यंत लढवला गेला तो मुलूख फार दूरचा आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया. सिनेमावाल्यांचे राज्य म्हणून ते आपल्याला ठाऊक असते, पण त्याच्या पोटात चारशे मैल लांबीचे एक सपाट खोरे आहे. त्याच्या दक्षिण भागात कापूस पिकतो, उत्तर भागात भात आणि फळबागा. तिथल्या कापूसवाल्याला त्याचे सरकार किती सबसिडी देते आणि त्यामुळे आपल्या कपाशीचा भाव कसा पडतो, हे आपण वेगळे भांडण म्हणून लढत आलो आहोत. तो राग आज क्षणभर बाजूला ठेवा. नदीच्या बाबतीत तिथला शेतकरी ज्या चक्रातून गेला, ते आपल्या ओळखीचे निघेल.

गोष्ट सुरू होते सोन्यापासून. १८५३ नंतर तिथल्या खाणमालकांनी डोंगरावर मोठ्या नळांनी पाण्याचा मारा करून डोंगरच्या डोंगर विरघळवायला सुरुवात केली. सोने चाळून घेतले आणि गाळ, वाळू, गोटे खाली नदीत सोडून दिले. युबा नावाच्या नदीचे पात्र वर्षागणिक वर आले. मेरिसव्हिल हे गाव अखेर नदीच्या तळापेक्षा खाली गेले आणि भोवती बांध घालून जगू लागले. शेतकऱ्यांची वावरे वाळूखाली गाडली गेली. सोने डोंगरातल्या कंपनीचे, वाळू शेतकऱ्याची! शेतकऱ्यांनी संघटना बांधली, वर्गणी काढली आणि वर्षानुवर्षे कोर्टात झगडले. ७ जानेवारी १८८४ रोजी न्यायाधीश सॉयर यांनी ‘वुडरफ विरुद्ध नॉर्थ ब्लूमफील्ड’ या खटल्यात निकाल दिला आणि नदीत गाळ सोडण्यास मनाई केली. खाण उद्योग त्या वेळी राज्यातला बडा धंदा होता, तरी निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागला.

पण नदीत उतरलेली वाळू कोर्टाच्या हुकमाने परत डोंगरावर चढत नाही. नदी उथळ झाली ती झालीच. मग बांध, सांडवे आणि पाणी वळवायच्या वाटा यांची एक अख्खी योजना करावी लागली. लष्कराच्या अभियंता दलातील कॅप्टन जॅक्सन यांनी ती १९१० मध्ये मांडली. (अमेरिकेत नद्यांची कामे लष्कराच्या अभियंत्यांकडे असतात. बंदूकवाल्यांकडे बांध का, हे आपल्याला नवल वाटेल; पण तो त्यांचा जुना रिवाज आहे.) कॅलिफोर्निया राज्याने १९११ मध्ये ही योजना आपल्या कायद्याने स्वीकारली आणि तिच्यासाठी रेक्लमेशन बोर्ड नावाचे मंडळ नेमले. वॉशिंग्टनच्या संसदेची मंजुरी आली १९१७ मध्ये. या संसदेला तिकडे काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही. मध्ये गेली सहा वर्षे. नदी काही सहा वर्षे थांबत नाही. जमीनमालक आणि त्यांची स्थानिक बांध-मंडळे आपापल्या खर्चाने, हाताला लागेल त्या मातीने बांध घालतच होती. मातीही कोणती? बहुतेक ठिकाणी तीच खाणीची वाळू. हे बांध पुढे सरकारी योजनेत जसेच्या तसे किंवा थोडेफार उंच करून सामावून घेतले गेले. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तीच सगळ्यांना भोवली.

आता केंद्राच्या कायद्यातल्या अटी पाहू, कारण सगळी मेख तिथे आहे. १९२८ च्या पूर नियंत्रण कायद्यात वॉशिंग्टनने स्वतःसाठी एक कलम घालून घेतले: पुरामुळे किंवा पुराच्या पाण्यामुळे कुठेही नुकसान झाले तरी केंद्र सरकारवर कसलीही जबाबदारी येणार नाही. १९३६ च्या कायद्याने देशभरच्या पूर नियंत्रणात केंद्र उतरले, पण स्थानिक बाजूकडून तीन गोष्टी लिहून घेण्याची अट घातली. जमीन आणि जमिनीवरचे हक्क तुम्ही द्यायचे. कामामुळे होणाऱ्या नुकसानीचे दावे तुम्ही अंगावर घ्यायचे, केंद्राला त्यातून मोकळे ठेवायचे. आणि काम झाल्यावर देखभाल कायमची तुमची. म्हणजे फीत कापायला केंद्र, मुरूम टाकायला तुम्ही, आणि फुटला तर कोर्टातही तुम्हीच. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो नदीच्या योजनेपुरते हे लिहून दिले राज्याने; १९५३ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्यात तसा करारनामा झाला. राज्याने पुढे तेच ओझे खालच्या बांध-मंडळांच्या गळ्यात घातले, म्हणजे पट्टी भरणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळ्यात. सरकारचे हे घसरगुंडीचे तंत्र सगळीकडे सारखेच दिसते.

२० फेब्रुवारी १९८६ रोजी युबा नदीचा लिंडा गावाजवळचा बांध फुटला. पाणी बांधाच्या माथ्यावरून गेले नव्हते. ज्या उंचीच्या पाण्यासाठी तो बांध आहे असे कागदावर होते, त्याच्या कितीतरी खाली पाणी असताना तो फुटला. लिंडा आणि ऑलिव्हहर्स्ट या वस्त्या बुडाल्या. सुमारे तीन हजार लोक कोर्टात गेले. केंद्रावर दावा चालेना, १९२८ चे कलम आडवे. राज्य म्हणाले, हा बांध आम्ही बांधलेलाच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्थानिक लोकांनी वाळू टाकून उभा केला, आमचा काय दोष? खालच्या कोर्टात राज्याचे म्हणणे टिकले. १८८६ च्या काळातले नव्हे, आपल्या डोळ्यांदेखत चाललेले हे प्रकरण आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये ‘पॅटर्नो विरुद्ध कॅलिफोर्निया राज्य’ या अपिलात निकाल फिरला. कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे: दुसऱ्याने बांधलेला बांध तुम्ही आपल्या योजनेत घेतलात, तो आपला म्हणून चालवलात, तर तो तुम्ही स्वतः आखून बांधल्यासारखाच आहे. त्याची माती काय आहे हे तपासायला आणि तो सुधारायला तुम्हाला कित्येक दशके होती. राज्याला सुमारे ४६ कोटी ४० लाख डॉलर मोजावे लागले. दाव्याला एकोणीस वर्षे लागली, आणि दावा लावणाऱ्यांतले कित्येक तोवर राहिलेही नसतील. पण जे मिळाले ती भरपाई होती. तहसीलदाराच्या सहीने वाटलेली मदत नव्हती.

हा निकाल कशाच्या जोरावर लागला? कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत असे आहे की सार्वजनिक कामासाठी खासगी मालमत्ता घेतली किंवा बिघडवली, तर योग्य मोबदला द्यावा लागतो. ‘घेतली किंवा बिघडवली’ हे शब्द महत्त्वाचे. आपल्याकडे मालमत्तेचा मूलभूत हक्कच १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकला. उरले कलम ३००-अ, म्हणजे कायद्याने ठरवल्याशिवाय मालमत्ता काढून घेता येणार नाही एवढेच. बिघडवली तर काय, याचे उत्तर त्यात नाही.

लिंडाच्या निकालानंतर राज्याच्या खजिन्यात घबराट पसरली. आपल्या सहीची किंमत काय असते हे पहिल्यांदा कळले. २००६ मध्ये तिथल्या मतदारांनी पूर नियंत्रणासाठी चार अब्ज डॉलरच्या वर कर्जरोखे काढायला मंजुरी दिली. २००७ मध्ये कायद्यांचा एक गठ्ठाच आला. पूरपट्ट्यात नवी वस्ती बेजबाबदारपणे मंजूर करणाऱ्या शहरांवर नुकसानीचा काही भार टाकता येईल, अशी सोय त्यातल्या एका कायद्याने केली. जुन्या रेक्लमेशन बोर्डाचे नाव आणि रूप बदलले. आणि कोणत्या कामाला राज्य बांधील आहे, कोणत्या नाही, याकडे लोक बारकाईने पाहू लागले.

इथे मंजुरीची भानगड नीट समजून घेऊ. तिथे पुराच्या कामाला दोन कायदे लागतात. पहिला कायदा वॉशिंग्टनचा. लष्करी अभियंता दलाचे प्रमुख अहवाल देतात, त्यावर संसद जलसंपत्ती कायद्यात त्या कामाचे नाव, रूप आणि खर्च लिहून मंजुरी देते. दुसरा कायदा राज्याचा. हेच काम, केंद्राच्या अमुक कायद्यातील अमुक कलमानुसार, राज्य स्वीकारते आहे असे विधिमंडळाने लिहायचे, तेव्हा राज्याचा वाटा देता येतो. सध्याच्या हिशेबात शंभर डॉलरच्या बांधाला केंद्र जास्तीत जास्त पासष्ट देते. उरलेल्या पस्तिसात राज्याचा हिस्सा निम्म्यापासून सत्तर टक्क्यांपर्यंत. म्हणजे साडेसतरा ते साडेचोवीस. बाकीचे स्थानिक मंडळाने जमीनमालकांकडून पट्टी लावून उभे करायचे.

घोटाळा होतो तो पुढे. काम चालू असताना नदी नवे काही शिकवते, माती तपासल्यावर आत वाळू सापडते, खर्च वाढतो, नकाशा बदलतो. वॉशिंग्टन आपला कायदा बदलते. राज्याच्या पुस्तकात मात्र जुनेच काम, जुन्याच रूपात लिहिलेले राहते. मग वाढीव भागाचे काय? केंद्राच्या कायद्यात तो आहे, राज्याच्या कायद्यात नाही. राज्याचा पैसा त्यावर टाकायला आधार नाही, आणि राज्याचा वाटा नाही म्हणून केंद्राचा पैसाही अडतो. याकरिता सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात मधूनमधून एक लहानसे, कंटाळवाणे विधेयक येते: आमच्या कायद्यातील वर्णन केंद्राच्या नव्या मंजुरीशी जुळवून घ्यावे. कोणी भाषण करत नाही, वर्तमानपत्रात दोन ओळीही येत नाहीत. पण कुठल्या गावापाशी बांधाची मजबुती संपते, ते याच दोन ओळींत ठरते.

राजधानी सॅक्रामेंटोचेच उदाहरण घ्या. १९८६ च्या त्याच पुरात अमेरिकन नदीवरच्या फोल्सम धरणातून १,३०,००० क्युसेकच्या वर पाणी सोडावे लागले. खालचे बांध १,१५,००० क्युसेकसाठी होते. शहर थोडक्यात वाचले. वर ऑबर्नला आणखी एक धरण व्हायचे होते. त्याला केंद्राची मंजुरी १९६५ मध्येच मिळालेली. ते आजवर झालेले नाही. मंजुरी वेगळी आणि पैसा वेगळा, हेही यातून शिकावे! पुढे १९९६ मध्ये संसदेने बांधांच्या पोटात अभेद्य भिंती घालायचे काम मंजूर केले, १९९९ मध्ये ते वाढवले, २०१६ मध्ये आणखी मोठ्या रूपात मंजूर केले. वॉशिंग्टनचा कायदा असा टप्प्याटप्प्याने वाढत गेला, तसे राज्याला आपले पुस्तक मागोमाग दुरुस्त करणे भाग होते.

त्याच शहराच्या उत्तरेला नाटोमास नावाचा सखल भाग आहे. भोवती ४२ मैलांचा बांध, आत सुमारे एक लाख वस्ती. हा बांध भरवशाचा नाही असे तपासणीत निघाले आणि डिसेंबर २००८ पासून तिथे नवे घर बांधायला जवळजवळ बंदी आली. संसदेची मंजुरी मिळेपर्यंत थांबायचे तर शहर बुडायचे. म्हणून स्थानिक पूर नियंत्रण संस्थेने जमीनमालकांची पट्टी आणि राज्याचे कर्जरोखे यांच्या बळावर आधीच काम काढले आणि १८ मैलांचा बांध पक्का केला. केंद्राची मंजुरी आली जून २०१४ मध्ये. मंजुरीआधी केलेला खर्च केंद्राच्या हिशेबात आपोआप धरला जात नाही. त्यासाठी आधीच लेखी कबुली घ्यावी लागते. शहराकडे वकील होते, अभियंते होते, वॉशिंग्टनमध्ये खेटे घालणारी माणसे होती. त्यांनी हे सगळे वेळेवर लिहून घेतले. खेड्याने हे कसे करावे?

खेड्याचे काय होते ते पाहायचे तर पाहारो नदीवर जावे लागेल. किनाऱ्याजवळची ही नदी, स्ट्रॉबेरीच्या शेतांमधून वाहणारी. काठावर पाहारो नावाचेच तीनेक हजार वस्तीचे गाव. बहुतेक मेक्सिकन शेतमजूर. लष्करी अभियंत्यांनी १९४९ मध्ये इथे बांध घातला. १९५५ च्या पुराने तो अपुरा ठरवला. १९६६ मध्ये संसदेने नव्या बांधाला मंजुरी दिली. मग? मग काही नाही. केंद्राच्या नियमाप्रमाणे बांधाचा फायदा खर्चापेक्षा जास्त असावा लागतो, आणि फायदा मोजायचा तो बुडू शकणाऱ्या घरांच्या आणि मालमत्तेच्या किमतीवर. मजुराच्या घराची किंमत ती काय? शहरातील एका चकचकीत गल्लीला वाचवले तर फायद्याचा आकडा फुगतो, मजुरांचे अख्खे गाव वाचवले तरी तो वर येत नाही. दारिद्र्य हेच बांध न मिळण्याचे कारण ठरले.

१९९५ मध्ये बांध फुटला. तेव्हाही लोक कोर्टात गेले आणि २००२ च्या निकालात नदीपात्र साफ न ठेवल्याबद्दल काऊंट्यांवर, म्हणजे तिथल्या जिल्हा सरकारांवर, जबाबदारी आली. देखभालीचे लिहून त्यांनी दिलेले होते. तरीही नवा बांध झाला नाही. केंद्राची मंजुरी होती पण रक्कम नव्हती, आणि पस्तीस टक्क्यांचा वाटा उचलण्याची ऐपत काठावरच्या लोकांत नव्हती. अखेर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून या एका कामापुरता केंद्राखेरीजचा सगळा वाटा राज्याने उचलावा अशी तरतूद केली. दोन्ही सह्या आता जुळल्या होत्या. पण ११ मार्च २०२३ च्या रात्री नदीने वाट पाहिली नाही. जुना बांध फुटला आणि पाहारो गाव पाण्यात गेले. नव्या बांधाच्या कामाची कुदळ पडली २०२४ मध्ये. १९६६ ते २०२४ म्हणजे अठ्ठावन्न वर्षे. त्या मंजुरीच्या दिवशी जन्मलेले मूल तोवर आजोबा झाले असेल.

शेतजमिनीचीही तीच तऱ्हा. २००७ च्या कायद्याने शहरी भागाला दोनशे वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापासून संरक्षण हवे असा दंडक घातला. ग्रामीण भागाला तो दंडक नाही. शहराचे पाणी जाते कुठे? सॅक्रामेंटोच्या पश्चिमेला योलो बायपास नावाचा सुमारे ५९,००० एकरांचा पट्टा आहे. नदी चढली की सांडव्यावरून पाणी या पट्ट्यात उतरते आणि राजधानी कोरडी राहते. उन्हाळ्यात तिथे भात आणि टोमॅटो पिकतात. शहर वाचवायला शेत बुडवायचे, यात नवे काही नाही. पण एक फरक सांगितला पाहिजे. तिथे शेतात पाणी सोडण्याचा हक्क सरकारने मालकाकडून घेतलेला आहे, तो जमिनीच्या कागदावर चढलेला आहे. जमीन मालकाची, पाणी सोडण्याचा हक्क सरकारचा, आणि त्याची मर्यादा लेखी. आपल्याकडे धरणाची दारे रात्री उघडतात आणि सकाळी दवंडी पिटतात.

कॅलिफोर्नियाचे कौतुक करण्यासाठी हे लिहिलेले नाही. तिथेही अडाण्याचा आणि गरिबाचा नंबर शेवटीच लागला, हे पाहारोने दाखवले. सांगायचे एवढेच की मंजुरी म्हणजे केवळ खर्चाची परवानगी नव्हे. मंजुरी देणारा त्या कामाची जबाबदारीही अंगावर घेतो, निदान तशी घेतली असे कोर्टात म्हणता येते. आणि दोन सरकारांच्या मंजुऱ्या जिथे एकमेकींना भिडत नाहीत, त्या फटीतून येणारे पाणी शेतातच शिरते.

आपल्या घटनेत पाणी, पाटबंधारे, निचरा आणि बांध हे राज्याच्या यादीत आहेत, सतराव्या क्रमांकावर. आंतरराज्य नद्यांचे नियमन केंद्राच्या यादीत, छप्पन्नाव्या क्रमांकावर. १९५६ मध्ये नदी मंडळ कायदा झाला. त्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही. बांध राज्याचा, निकष केंद्राचे, आणि नदी दोघांचीही नाही. याचा अर्थ काय होतो ते सिरोंच्याच्या शेतकऱ्यांना विचारा. गोदावरीवर तेलंगणाने मेडिगड्डा बंधारा उभा केला. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात ऑगस्ट २०१६ मध्ये करार झाला. प्रकल्पाचे काम त्याच वर्षी सुरू झाले, केंद्राची पर्यावरण मंजुरी आली डिसेंबर २०१७ मध्ये. म्हणजे आधी लगीन, मग पत्रिका! बंधारा भरल्यावर फुगवट्याचे पाणी गडचिरोली जिल्ह्यातल्या काठावर चढले. जुलै २०२२ च्या पुरात शेते बुडाली. मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना धरणे धरावे लागले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या बंधाऱ्याचे खांबच खचले. बंधारा एका राज्याचा, सह्या दोन राज्यांच्या, शिक्के केंद्राचे, आणि सिरोंच्यातला शेतकरी मोबदल्याचा अर्ज घेऊन दारोदार. लिंडाच्या लोकांना निदान एक दार सापडले, ज्यावर कोर्टाने बोट ठेवले. सिरोंच्याला अजून ते दार कोणते हेच सांगितले गेलेले नाही.

आता आपल्या जिल्ह्यांत नदी खोलीकरण, नाला सरळीकरण, पूरसंरक्षक भिंती यांची कामे जोरात निघाली आहेत. पुढाऱ्यांना ती आवडतात. यंत्र दिसते, माती हलते, फोटो निघतो. नाला सरळ केला की वरच्या गावाचे पाणी खालच्या गावात दुप्पट वेगाने पोचते, हे मात्र कोणी बोलत नाही. गावाच्या बाजूला भिंत घातली की समोरच्या काठावरचे वावर खचते. वरच्या गावाची पंचायत, खालच्या गावाची पंचायत, जिल्हा परिषद, जलसंपदा खाते, मृद व जलसंधारण खाते, आणि पैसा केंद्राच्या योजनेचा असेल तर दिल्ली. इतक्या सह्यांत खालच्या वावराची जबाबदारी घेणारी सही कोणती?

म्हणून जिल्हा मेळाव्याला येताना एक काम करून या. आपल्या शिवारात गेल्या दहा वर्षांत नदी-नाल्यावर सरकारी काम झाले असेल किंवा चालू असेल, तर त्याच्या प्रशासकीय मान्यतेची आणि तांत्रिक मान्यतेची प्रत माहितीच्या अधिकारात मागून घ्या. किती किलोमीटरची मान्यता आहे आणि प्रत्यक्षात काम कुठे थांबले, ते पायाने चालून मोजा. देखभाल कोणाकडे आहे असे कागदावर लिहिले आहे ते शोधा. काही लिहिलेलेच नसेल तर तेही टिपून ठेवा. केंद्राचा पैसा आहे का, असल्यास कोणत्या योजनेतून, तेवढे विचारा. कामाच्या खालच्या अंगाला ज्यांची वावरे आहेत त्यांचे गट क्रमांक आणि २०२२ नंतर प्रत्येक पुरात खरडून गेलेल्या जमिनीचे पंचनामे एकत्र लावा. पंचनामा झाला नसेल तर तलाठ्याला दिलेल्या अर्जाची पोच चालेल. हे कागद तालुकावार एका फायलीत लावायचे आहेत. मेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात वकील मंडळी बसणार आहेत. त्यांना भाषणे ऐकवू नका, कागद दाखवा.